सोमवारची सुट्टी

कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

ती. सुहासिनीताई यांस वृंदाचा सा. नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? चकलीची भाजणी पोचली. पुडा फोडायच्या आधीच ह्यांनी, तुमच्या नीळूने, वासावरून ओळखली.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नवऱ्याचं करायचे पैसे घेतेस?" मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. हे शेजारीच बसले होते, म्हणून आता लिहिते.

घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्याला इथलं सरकार मोबदला देतं. त्यासाठी माझा आणि ह्यांचा रीतसर करार झाला. हे मालक, मी कामाला. डाव्या हाताने सही केल्यावर हे असे काही रुबाबात बसले, की आता चहात साखर कमी म्हणून मला मेमो देतात की काय असं वाटलं.

वर्षभर मी अर्ज टाळला तो लाजेनं नाही, भीतीनं. आम्ही या देशात उशिरा आलो, त्यामुळे माझी सरकारी पेन्शन आधीच तोकडी. मोबदला घेतला आणि तीही कापली तर घर कसं चालवायचं? शेवटी लेकीनं, ऋतानं, कार्यालयात विचारलं. पेन्शनला धक्का लागत नाही, मोबदल्यावर कर भरायचा, एवढंच. ऐकलं आणि ओट्याशी उभी राहून मी रडले, ताई.

एवढं रडण्यासारखं काय, असं म्हणाल. ऑगस्टमध्ये ह्यांना आंघोळीला नेताना आम्ही दोघंही पडलो. लागलं नाही, पण मला ह्यांना उठवता येईना. शेजारी येईपर्यंत ओल्या फरशीवर बसून राहिलो. पुढच्या आठवड्यात मी एकटीच जाऊन एक नर्सिंग होम बघून आले. खोली चांगली होती, खिडकीतून कालवा दिसत होता. घरी आल्यावर ह्यांनी खुणेनं विचारलं, कुठे गेली होतीस? भाजीला, म्हटलं. हातात पिशवीसुद्धा नव्हती. ह्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

अर्जानंतर पाहणीला एक डच बाई आल्या. ऋताही हूफडॉर्पहून आली होती. बाईंनी विचारलं, तुम्हाला सगळं झेपतं ना? मी हसून हो म्हटलं. पक्षाघातानंतर ह्यांच्या तोंडून एखादाच शब्द निघतो, तो नेमका तेव्हा निघाला. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सुट्टी." जरा दम घेऊन पुन्हा, "हिला सुट्टी."

मी भाषांतर केलं नाही. ऋतानं केलं.

म्हणून आता सोमवारी शामला येते. मूळची सुरिनामची, पूर्वज भारतातून तिकडे गेलेले, त्यामुळे ह्यांच्याशी जुन्या वळणाच्या हिंदीत गप्पा मारते आणि ह्यांना आरामात उचलते. तिचे पैसेही त्याच मदतीतून जातात. बाकीचे दिवस मी. त्या नर्सिंग होमला नको म्हणून कळवून टाकलंय. किती हलकं वाटतंय ते तुम्हालाच सांगू शकते.

तुम्हाला अजून पटत नसेल, तर माझ्यावर रागवा. ह्यांना मात्र काही विचारू नका. वर्षभरात ह्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, मागितली ती माझी सुट्टी.

हे पत्र लायब्ररीत बसून लिहितेय, दुसऱ्या कॉफीबरोबर. शामलाची वेळ संपायला अजून पुष्कळ अवकाश आहे. पण आता उठते, कारण कितीतरी महिन्यांनी मला घरी जावंसं वाटतंय.

तुमच्या भावाच्या नोकरीत असलेली,
आणि त्याच्याच घरात राहणारी,
वृंदा