काळी पडलेली फिल्म

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून सौर पॅनेलच विकते आहे. रबाळ्याला ऑफिस, नेरुळला घर. आता आपल्या सोसायटीच्या गच्चीवरही पॅनेल बसलीत. लिफ्ट आणि पाण्याचा पंप दिवसा त्यांच्यावरच चालतो. ही नोकरी धरली तेव्हा तुम्ही ताट बाजूला सारून म्हणाला होतात, "तुझा सूर्य सहाला ड्यूटी संपवून घरी जातो. पुढे लोकांनी काय करायचं?" उभा जन्म अणुभट्टीवर काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार, असं म्हणून मी भांडले. आता बॅटऱ्या आल्यात, तरी पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरून राहिलं की तुमचं म्हणणं आठवतं आणि जरा राग येतो.

परवा सरकारने वीजधोरणाच्या मसुद्यावर सूचना मागवल्या. देशाने पुढे अणुभट्ट्या वाढवायच्या की ऊन-वाऱ्यावर भर द्यायचा? कंपनीचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या फादरना तिकडे रेडिएशन लागलेलं ना? तेच टाका. आकडे कोण वाचतो, स्टोरी लक्षात राहते." ही स्टोरी डबा खाताना वर्षानुवर्षं मीच सांगत आले आहे.

खरं काय झालं ते तुम्हालाही ठाऊक नाही. किरणोत्सर्ग मोजणारा तो छातीवरचा बॅज सुटताना गेटवरच ठेवायचा असतो. एका शनिवारी तुम्ही चुकून तो खिशातून घरी आणलात. मी नऊ वर्षांची. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी आतल्या फिल्मचं पाकीट उघडून बघितलं आणि परत नीट घडी घातली. साध्या उजेडानेही फिल्म काळी पडते, हे मला कुठे ठाऊक होतं. तपासणीत फिल्म काळी निघाली, म्हणजे तुम्हाला भरमसाट किरणोत्सर्ग लागला असं धरलं गेलं. चौकशी लागली, तुम्हाला भट्टीवरून काढून स्टोअरला बसवलं. आई तुमचे कपडे वेगळे धुवायला लागली, मला तुमच्याजवळ झोपू देईना. तुम्ही एकदाच, शांतपणे विचारलंत, "बॅजला हात लावलास का गं?" मी नाही म्हटलं. तुम्ही चौकशीत लिहून दिलंत की घरात कोणीही हात लावलेला नाही.

पत्रात मी ऊन-वाऱ्याचीच बाजू मांडली, ती मला पटते. तुमच्यावरचा परिच्छेद तेवढा काढला. साहेबांनी कारण विचारलं तर म्हटलं, पानं वाढत होती. खरं त्यांना सांगवलं नाही. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मात्र कुठे जाणार नाही. तुम्ही नाहीत म्हणून इतकं लिहिलं, बाबा. समोर बसून विचारलं असतंत, तर आजही मी नाहीच म्हटलं असतं.