दारावरचा खडू

मंगळवार, संध्याकाळ

नदीकाठची वस्ती पाडून विश्रांतवाडीच्या पत्र्याच्या खोल्यांत आणलेली ही माणसं. पोलिओच्या डोसाला गेलं की पोरं लपवतात. घर झालं की दारावर खडूने खूण करायची, ही आमची पद्धत. मी वळते न वळते तोच खूण पुसलेली! मुद्दाम? कोण शिकवतं यांना?

आज तिथल्याच रखमाबाईंना विचारलंच.

"तिकडं बी असाच खडूनं आकडा लिवला हुता, ताई. मग बुलडोझर आला."

खडू पर्समध्ये टाकला. म्हटलं, बोटावरची शाई पुरे. पोरं आपणहून बाहेर आली.

घरी आले, तर आमच्या दारावर खडू. माझ्या सोनूच्या डोसाचाच असणार. असणारच. तरी पदराने पुसला.