भाल्याच्या खुणेचा दगड

८ फेब्रुवारी १९६०
संकल्प केला. चौथीच्या मुलांकडून गावाचा इतिहास शोधून घ्यायचा. मुलांनी परिसरात हिंडावे, थोरांना विचारावे, ही नवी मेथड. ट्रेनिंग कॉलेजात ती शिकवली तेव्हा वर्गात न झोपलेला मी एकटाच. मुळशीच्या तलावाकाठी गाव आहे म्हणजे ऐतिहासिक असणारच. एप्रिलात तपासणीला शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब येणार, थक्क होणार, आणि जूनपासून मी पुण्याला. इथली दोन वर्षे फार झाली.

१० फेब्रुवारी
निराशा. 'गावात पूर्वी काय घडले' हे घरी विचारून या म्हटले, तर सगळ्यांचे एकच उत्तर : आपलं खरं गाव पान्यात हाय. कमरुद्दीन दुकानदाराची दिलशाद म्हणाली, आजोबांचे दुकानही पाण्यात आहे. धरण माझ्या जन्माच्या सुमाराचे. त्याला इतिहास म्हणत नाहीत. निदान तीनशे वर्षे जुने आणा, असे बजावले. आवड लावावी लागेल.

१६ फेब्रुवारी
चैन नाही. एस.टी.चा हॉर्न वाजला की उगाच बाहेर येतो. पहाटे व्यायाम करायचा ठरवले आहे. सोमवारपासून.

२२ फेब्रुवारी
सापडला! शाळेमागच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत. घडीव दगड. त्यावर आडवी रेघ, रेघेखाली भाल्याचे टोक. भाला म्हणजे सरदार. सरदार म्हणजे शिवकाल. मुलांना दगड घासून धुवायला लावला. एरवी दंगा करणारी पोरे, पण एकही बोलेना. प्रसंगाचे गांभीर्य त्यांनाही कळले असावे.
(व्यायाम राहिला. दगडामुळे.)

२३ फेब्रुवारी
गोजराबाईंकडे जेवायला असतो. त्यांना सांगितले. म्हणाल्या, "जेवताना त्या दगडाचं नाव नगा काढू, गुरुजी." सरदाराचा धाक तीनशे वर्षांनीही टिकून आहे! याला लोकस्मृती म्हणतात. मग आपले माहेर पाण्यात कसे गेले ते सांगू लागल्या. बाईंच्या माहेराशी संशोधनाचा संबंध नाही. भाजीत मीठ जास्त.

५ मार्च
दगड शाळेच्या ओट्यावर बसवायला सरपंच हैबतरावांची परवानगी मागितली. "तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?" म्हणाले. मी म्हटले, संशोधकाला सांगावे लागत नाही, दिसते. तंबाखू थुंकून निघून गेले. संमती समजलो. दगड ओट्यावर आणला.

१७ मार्च
शिस्त बिघडते आहे. पाठ फिरली की मुले फरशीवर खडूने बुडालेल्या गावाचा नकाशा काढतात. आज विहिरीच्या जागेवरून भिकू आणि दिलशादची जुंपली. तेवढ्यात खिडकीतून गोजराबाई : "आरं, हीर मारुतीच्या म्होरं. चिच तितं, गुरुजींच्या खुर्चीपाशी." दोघांना अंगठे धरायला लावले. नकाशा पुसला. बाईंना काय करावे?

२९ मार्च
दगडावरचे भाषण पाठ. आरशासमोर उत्तम जमते. पुण्यात खोली बघायला मेव्हण्याला सांगून ठेवले. हवेशीर हवी.

११ एप्रिल
तपासणी झाली. दगडाला हार घातला, नारळ फोडला. सगळे गाव जमले होते. भाषण रंगात आले असता साहेबांनी चष्मा चढवला, वाकून पाहिले आणि हळू आवाजात विचारले, गुरुजी, ही सर्व्हेची खूण नव्हे का? हैबतराव पुढे झाले. "व्हय सायेब. धरणाचं पानी मागल्या उतारावर ह्या दगडापत्तर येनार म्हनून मोजनीवाल्यांनी माझ्या बापाला दावलेली खून हाय ही. बा मरस्तवर त्या उताराच्या वाटंनं गेला न्हाई."
कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
मग साहेब मुलांकडे वळले. तुमचे गाव होते तरी कुठे? झाले! पोरे खडू घेऊन फरशीवर तुटून पडली. नदी, मारुती, वाटा, कमरुद्दीनच्या बापाचे दुकान. गोजराबाई दारातून आत आल्या त्या न विचारताच. पांढऱ्या पँटीतले साहेब खाली मांडी घालून बसले आणि विचारत राहिले. मी दगडावरचा हार काढून हातात धरून उभा.
निघताना साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, मुलांना असे बोलते करणारा शिक्षक मी पाहिला नव्हता. तुम्हाला इथून हलवणे पाप होईल. आणखी तीन वर्षे तरी नाही.
माझी मेथड साहेबांनी ओळखली, हे एक.
मेव्हण्याला कळवायला हवे.

८ मे
तलाव खूप उतरला आहे. मुले हट्टाने खाली घेऊन गेली. ऊन, भेगाळलेला गाळ, जोती तेवढी दिसत होती. गोजराबाई एका जोत्यावर उभ्या होत्या. हे माजघर, ही चूल, हितं माझा पाळणा, असे दिलशादला दाखवत होत्या. मी जरा दूर थांबलो. म्हणाल्या, "भाईर का हुबं? या की आत."
भिंत नव्हती, दार नव्हते. तरी कुठून शिरावे कळेना. बाई बाजूला सरकल्या, तेव्हा ते दार असावे. वहाणा काढल्या.
"बसा गुरुजी. पानी इचारत न्हाई. हितं लई झालंय पानी."
बसलो. जोत्यावरचा गाळ आतून ओलाच; धोतर मागून ओले झाले. उठलो नाही.