अर्धवट कापलेल्या बंदुका

प्रिय मोजणीबाई,

सोमवारी तुला समितीपुढे अहवाल वाचायचा आहे. तू त्या गडबडीत असशील आणि मध्येच बापाचं हे जाडजूड पाकीट. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून लिहायला बसलो. दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच.

तुझा अहवाल मी तीनदा वाचला. रुग्णालयाच्या त्या नोंदणीच्या खोलीत बसून पाच वर्षं तू गोळी लागलेली माणसं मोजलीस. बंदुका जमा करायचा कायदा आला त्या वर्षी ती कमी झाली, पुढच्या वर्षी वाढली आणि आता आकडा होता तिथेच येऊन बसलाय. कायदा यावा म्हणून तू जिवाचं रान केलं होतंस, तरी निघालं ते उत्तर जसंच्या तसं लिहिलंस. आता तेच पुढे करून समिती कायदा मागे घेणार. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजताना चुकलीस तर पुन्हा खाली जाऊन पहिल्यापासून मोजायचीस आणि आम्ही दोघं पिशव्या घेऊन वर ताटकळत उभे असायचो, ते आठवलं. तुझी मोजणी बरोबर आहे. चूक दुसरीकडे आहे.

आपलं भांडण तू विसरली नसशील. तीस वर्षं चालवलेलं माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान त्या कायद्यानं बंद झालं आणि मी जेवणाच्या टेबलावर तुझ्यावर तोंडसुख घेतलं. गुंड काय रांगेत उभे राहून बंदुका देणार आहेत, म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणालो. तू म्हणालीस, बाबा, गुंडाच्या हातातली बंदूकही आधी कुठल्यातरी साध्या माणसाच्या कपाटातच असते. मी ताट सारून उठलो आणि चार महिने तुझ्याशी बोललो नाही. मग जमा केंद्रात बंदुका कापायचं काम निघालं आणि मी ते धरलं. तुला वाटलं, बाबांना पटलं. तू गळ्यात पडलीस, आणि मी पडू दिलं. खरं सांगतो, मला पटलं-बिटलं काही नव्हतं. रिकाम्या हातांनी घरात फिरून मी तुझ्या आईला नको नको करून सोडलं होतं. मला पुन्हा कामाचं टेबल हवं होतं, इतकंच.

केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम. एक विजेची करवत, एक लांब टेबल आणि समोर खुर्चीत साक्षीदार म्हणून बसलेला हवालदार. नियम सोपा होता. बंदूक आली तशी, न उघडता, तीन ठिकाणी कापायची. आठ दिवस मी तसंच केलं. नवव्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्याची शिकारीची बंदूक आणून दिली. मी ती उघडून पाहिली आणि माझा हात थांबला. आतलं एकेक काम इतकं सुबक की बघत राहावं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मिस्त्री म्हणायचे, चालता भाग भंगारात टाकतो तो कारागीर नव्हे, कसाई. मी आतला घोडा, चाप, स्प्रिंगा काढून घेतल्या, पुसून तेल लावून डब्यात ठेवल्या आणि उरलेलं कापलं. हवालदारानं पेपरातून मान वर केली ती कापलेलं लोखंड बघून सही ठोकण्यापुरती. त्यानंतर मी प्रत्येक बंदूक आधी उघडत गेलो. सवयच ती. तुझी आई दोऱ्याचा तुकडा टाकत नाही, तशी.

डबे भरले. मग एक दिवस तुझा भागीदारकाका आला, दुकानातला माझा जोडीदार. म्हणाला, परवाना असलेल्या शिकाऱ्यांच्या बंदुका सुट्या भागांवाचून पडून आहेत, देतोस का? मी दिले. त्याच्याकडून एक दमडी घेतली नाही, आणि त्याचाच मला मोठा अभिमान. शिकारी कोण, कुठले, हे मात्र विचारलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसा मी दोन वर्षं डबे देत राहिलो.

आता ती बसचालक बाई. थांब्यावर गाडी आडवी लावणाऱ्याला ती हटकायला उतरली आणि त्यानं तिला गोळी घातली. तूच मला सांगितलं होतंस. तिचा एक बूट रुग्णवाहिकेत राहिला होता, तो कुणीतरी तुझ्या टेबलावर आणून ठेवला आणि त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे तुला कळेना. मी फोन धरून हो हो करत होतो.

त्यानंतर तीन दिवसांनी पोलिसांच्या प्रयोगशाळेतून मला बोलावणं आलं. हत्यार उघडून बघणारा जुना माणूस शहरात मीच उरलोय. बाईचा जीव घेणारी ती बंदूक माझ्यापुढे ठेवली होती. बाहेरचा सांगाडा कुठल्यातरी कारखान्यात चोरून बनवलेला, ओबडधोबड. आत मात्र चाप होता तो माझा. वर्षापूर्वी केंद्रात काढून घेतलेला, कडेला गंज होता म्हणून मीच कानस मारून साफ केलेला. आपल्या हाताची कानस कळते गं, जसं आपलं अक्षर कळतं. अधिकाऱ्यानं विचारलं, काय वाटतं? मी म्हणालो, माल बाहेरून आलेला दिसतो, इथला नाही.

त्या खोटेपणाला आज अकरा दिवस झाले. भागीदारकाकाला गाठून विचारलं तर तो हसला. म्हणाला, तुला एवढ्या दिवसांत कळलं नव्हतं असं मला सांगू नकोस. मला त्याच्यावर हात उचलता आला नाही, कारण तो खरं बोलत होता.

कडक कायद्यानं शहरातले खून कमी होतात की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेवढी माझी अक्कल नाही. पण आपल्या शहरात त्या कायद्याची परीक्षा झालीच नाही. लोक बंदुका पुढच्या दारानं देत होते आणि मी त्या तुकड्यातुकड्यांनी मागच्या दारानं बाहेर पाठवत होतो. तुझा आकडा वाढला तो माझ्या डब्यांनी. किती वाढला ते मला माहीत नाही, तू काढशील.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं उठून माझे लोकरीचे मोजे आणि रक्तदाबाच्या गोळ्या एका पिशवीत भरल्या. तिला जप. ती रडत नाही म्हणजे तिला कमी लागलंय असं समजू नकोस.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. हे मी तुला आधी सांगितलं असतं, तर तू मला पोलिसांत घेऊन गेली असतीस, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मग जन्मभर तू बापाला धरून दिलेली मुलगी झाली असतीस. म्हणून आई हे पाकीट तुझ्या हातात देईल तेव्हा माझा जबाब लिहून झालेला असेल आणि मी आत असेन. धावत येऊ नकोस. सोमवारपर्यंत तुला काम आहे. अहवालाच्या सहाव्या पानावर तू प्रयोगशाळेचं मत म्हणून लिहिलंयस, ‘एका अनुभवी कारागिराच्या मते शस्त्रं बाहेरून येतात.’ ते खोड. तिथे खरं काय ते लिही, त्याच्यापुढे माझं पूर्ण नाव लिही आणि समितीत कुणी विचारलं की हा माणूस तुमचा कोण, तर मान खाली न घालता सांग.

अजूनही तुझाच,
बाबा