पस्तीस मिनिटांचा केक

शनिवार, ११ जानेवारी

पंचावन्न मिनिटं! पुस्तकात लिहिलंय पस्तीस. एकशे ऐंशी अंशांवर आचेचं बटण लावलं, काट्याकडे बघून लावलं, तरी पस्तीसाव्या मिनिटाला आत सुरी घातली तर कच्चं पीठ चिकटून आलं. आमचा ओव्हन कचेरीतल्या कारकुनासारखा आहे. त्याच्या सवडीने काय होईल ते होईल.

माझी तक्रार नाही. तेवढ्यात कीटकनाशकांचं अख्खं प्रकरण वाचून झालं.

या घरात मला बेकिंगचं वेड आहे असं सगळे म्हणतात. नवरोबा ऑफिसात सांगतो, नणंद फोनवर सांगते, खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात सांगतात. वेड कसलं डोंबलाचं! लग्न ठरताना कबूल केलं होतं — मुलगी औषधशास्त्राचं शेवटचं वर्ष पुरं करेल. लग्नानंतर आठच दिवसांनी नवरोबाने त्याला शेपूट जोडलं. "पाच दिवस कॉलेजचे, शनिवार-रविवार घरचे. त्या दोन दिवसांत पुस्तक दिसता कामा नये हं." हसत म्हणाला. म्हणून मीही हसले. तिथेच चुकलं.

आणि ते पाच दिवस? सकाळी डबे, बस, कॉलेज, प्रयोगशाळा, बस, भाजी, स्वयंपाक, भांडी. पुस्तक उघडलं की डोळे मिटतात.

म्हणून ओव्हन. तो चालू असला की मला कोणी हाक मारत नाही. "दार आपटू नका, केक बसेल," असं एकदा सांगून ठेवलंय, तेव्हापासून सगळे चवड्यांवर चालतात. टिपणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. ओव्हनकडे पाठ, कपाट उघडं, हातात फडकं. काय करायचं ते मी चवीवरून ठरवत नाही, वेळेवरून ठरवते. बिस्किटं बारा मिनिटांत होतात, म्हणून मला ती आवडत नाहीत.

रविवार, १२ जानेवारी

आज पाव. दोनदा फुगवायचा, मग भाजायचा — म्हणजे दुपार माझी.

सासूबाई दोनदा आत आल्या. पहिल्यांदा चष्मा शोधायला. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चष्मा शोधायला. आणि चष्मा दोरीला बांधलेला, गळ्यातच! मी झटकन कपाट लावलं आणि सिंकपाशी उभी राहून धुतलेली भांडी पुन्हा धुतली. त्या माझ्या पाठीमागे जरा रेंगाळल्या आणि गेल्या.

पाळत आहे ही. लेकाने बसवलेली, नाहीतर स्वतःच्या हौसेची.

बुधवार, १५ जानेवारी

वेळापत्रक लागलं. विषशास्त्राचा पेपर ८ मार्चला, सकाळी दहा वाजता. शनिवार! आणि नेमका तोच विषय, ज्यात मी मागच्या खेपेला चार गुणांनी आपटले. संधी दोनच मिळतात. ही दुसरी. हा पेपर गेला की पदवी गेली, चार वर्षं पाण्यात.

घरी सांगितलं. नवरोबा म्हणाला, "शनिवारी? शनिवारी कोण पेपर ठेवतं?" जसा काही मीच ठेवलाय. मग म्हणाला, "बघू." त्याच्या 'बघू'चा अर्थ वर्षभरात मला पाठ झालाय. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मानही वर केली नाही.

शनिवार, १८ जानेवारी

केकचे तीन तुकडे खाऊन, तोंड पुसून नवरोबा म्हणतो, "खरं सांगू? तुझा हात इथे चालतो. ती औषधं-बिषधं तुझा पिंडच नाही. उगाच कशाला जिवाला घोर?"

म्हणजे नापास होऊ नये म्हणून जो उद्योग काढला, त्यातच मी पहिली आले. आता हसू की रडू?

त्या केकची चवसुद्धा मला आठवत नाही. आज ओव्हनने साठ मिनिटं घेतली. पस्तीस मिनिटांत आर्सेनिक संपलं, उरलेल्या पंचवीसमध्ये शिसं. तेवढंच आठवतंय. शिशाचं कोष्टक तर तोंडपाठ.

रविवार, २६ जानेवारी

सासूबाई तापाने झोपून. चला, आज पाळत नाही!

ओव्हनची खोड आता माहीत आहे. पुस्तकातली पस्तीस मिनिटं बाजूला ठेवून मी सरळ पंचावन्न धरली आणि वाचत बसले. बेचाळिसाव्या मिनिटाला धूर. भांडं बाहेर काढलं तर कोळसा. नवरोबा नाक दाबून आला. "लक्ष कुठे होतं?" लक्ष पाऱ्याच्या क्षारांत होतं, पण सांगते कोणाला. "ओव्हन बिघडलाय," म्हटलं. "कधी रडतखडत चालतो, कधी अंगावर येतो." तो म्हणाला, ओव्हनवाल्याला बोलावतो. बोलावेल तेव्हा खरं.

सासूबाईंना गरम सूप नेऊन दिलं. म्हणाल्या, "जळला का गं?"

"हो."

"अरेरे. मी पडून राहिले ना."

त्या उठून काय करणार होत्या, कुणास ठाऊक. केक तर त्या कधी तोंडाला लावत नाहीत. मला उगाचच राग आला.

शनिवार, १ फेब्रुवारी

ताप उतरला. चष्म्याचा शोध पुन्हा सुरू.

निघता निघता विचारलं, "तुझा पेपर किती तारखेला म्हणालीस?"

"आठ मार्च."

"हं."

आता हे 'हं' लेकाच्या कानात जाणार. मी दिवसभर धास्तावलेली. ओव्हन मात्र ताळ्यावर — अठ्ठावन्न मिनिटं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज नवरोबाला कॉफीचा मग स्वतःच्या हाताने घ्यायची हुक्की आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! त्या कपाटाला हात घातला. मी झडप घालून मग काढून दिला. "एवढं काय?" म्हणाला.

टिपणं काढून टाकली. नवी युक्ती — बटर पेपर. केकच्या भांड्यात तळाला घालायचा कागद. त्याची गुंडाळी ओट्यावर राजरोस पडलेली असते, तिच्याकडे कोण बघतं? मार्करने लिहायचं, वाचायचं, गुंडाळून ठेवायचं. आज वनस्पतींमधली विषं लिहून काढली. स्वतःवर खूश आहे.

पुढच्या रविवारी याचे साहेब बायकोला घेऊन येणार. "व्हॅनिलाचा कर, मोठा. मी त्यांना सांगून ठेवलंय." मला आधी विचारलं असतं तर याची जीभ झिजली असती.

रविवार, २३ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितेच.

साहेब अर्धा तास आधी आले. मी घाईत गुंडाळीवरचा कागद फाडला, भांड्यात घातला, वर पीठ ओतलं. भाजून झाल्यावर केक उलटा केला, कागद ओढून काढला. बघितलंही नाही, कारण बाहेरून तिसऱ्यांदा "झालं का?" आलं होतं. सुलटा करून ताटलीत ठेवला, कापला, नेऊन दिला.

साहेबांच्या बायकोने तुकडा उचलला आणि खालून बघितला. "अय्या, इथे काहीतरी लिहिलंय!"

अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटलेली. कोणाला वाचता येईनात. नवरोबाची छाती फुगली. त्याला वाटलं मी साहेबांसाठी काही खास लिहिलंय. बाईंनी फोनवर फोटो काढला, तो डावा-उजवा पलटवला आणि मोठ्याने वाचलं — "विषबाधेची लक्षणे. मळमळ, उलट्या, पोटात कळ." साहेबांच्या तुकड्याखाली होतं, "उपचार न झाल्यास मृत्यू."

साहेबांनी घास रुमालात काढला. मी सांगायला गेले की अभ्यासाचं आहे, पण ऐकतंय कोण. आणि सासूबाई — तोंडावर हात धरून हसत होत्या! माझं तिकडे घर जळतंय आणि यांना हसू.

पाहुणे गेल्यावर नवरोबा फार शांतपणे बोलला. त्याचं ओरडणं परवडलं.

"म्हणजे इतके दिवस केक खाऊ घालून फसवत होतीस आम्हाला."

हो म्हणाले. खरंच होतं ते.

"आठ तारखेला कुठेही जायचं नाही. पुरे झालं हे शिक्षण."

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "कपाटाच्या दारावरही असायची ना टिपणं?"

हे याला कोणी सांगितलं? स्वयंपाकघरात माझ्याशिवाय दुसरं येतं कोण?

तो गेल्यावर सासूबाईंपुढे उभी राहिले. इतके महिने गिळलेलं सगळं ओठांवर आलं. म्हटलं, "चष्म्याचं निमित्त करून पाळत ठेवायला येत होतात ना? मला सरळ एक शब्द विचारला नाहीत. लेकाचे कान भरलेत. काल हसलातही. झालं समाधान?" आणखीही बोलले. ते लिहीत नाही, लाज वाटते आणि रागही अजून उतरलेला नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

"येत होते खरी," म्हणाल्या. बस्स, एवढंच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सासूबाई नणंदेकडे गेल्या. "थोडे दिवस राहून येते." मला म्हणाल्या, "दूध उतू जाऊ देऊ नकोस." नवरोबा स्टँडवर सोडून आला, तेव्हापासून घुम्यासारखा बसलाय. परीक्षेचा विषय त्याने काढला नाही. मी काढायची हिंमत केली नाही.

घर मोकळं झालं. बरं वाटायला हवं होतं.

मंगळवार, ४ मार्च

ओव्हनवाला आला एकदाचा. मागचं झाकण उघडलं, कुठे कुठे तारा लावून बघितल्या, तासभर खाटखुट केलं. "यात काही बिघाड नाही, ताई. आच अगदी बरोबर लागते."

म्हटलं, कसं शक्य आहे? पस्तीसची साठ मिनिटं होतात.

"फक्त आचेचं बटण सैल झालंय. तुम्ही फार फिरवता का ते, मागेपुढे?"

मी एकदा लावते, एकदा बंद करते. तसं सांगितलं. त्याने खांदे उडवले, बटण आवळलं आणि गेला. या लोकांना काही कळत नाही.

संध्याकाळी नवरोबाला धीर करून विचारलं, कपाटाचं तुला आईंनी सांगितलं ना? तो माझ्याकडे बघतच राहिला. "आईने? दारावर चिकटपट्टीचे डाग आहेत, हातभर. मला काय डोळे नाहीत?"

रात्री जेवण गेलं नाही.

शनिवार, ८ मार्च

सकाळी चपला घातल्या. भांडण होणार म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती. नवरोबाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. म्हणाला, "जा. आईने स्टँडवर शपथ घातलीय, अडवायचं नाही म्हणून."

मी दारातच उभी. बस चुकेल म्हणून निघाले.

वीस गुणांचा प्रश्न — शिशाची विषबाधा, कोष्टकासह. तोच! साठ मिनिटांच्या केकमधल्या शेवटच्या पंचवीस मिनिटांतला. न थांबता लिहिला. पेपर बहुतेक निघेल. बहुतेक नाही, निघेल.

आनंद कोणाला सांगावा ते सुचेना.

रविवार, ९ मार्च

केक केला. एकशे ऐंशीवर बटण. आज वाचायला काही नव्हतं, म्हणून ओव्हनसमोर स्टूल घेऊन बसले. आत कोणी आलं नाही. कोणी चष्मा शोधला नाही.

बरोब्बर पस्तीस मिनिटांत झाला.

डब्यात भरलाय. नणंदेच्या गावची गाडी अकराची आहे.