हिरव्या शाईतला अर्ज

तेर, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

माझ्या नावानं बदलीचा अर्ज शाळेत आलाय, हिरव्या शाईत. खाली सही माझी, पण मी ती केलेली नाही. मुख्याध्यापकांनी दुपारी अर्ज पुढं ठेवला. "आम्हाला सांगितलं पण नाही, गुरुजी," म्हणाले. शाळेत हिरवी शाई वापरतात ते एकटेच. मला इथून घालवायचंय का त्यांना? त्यांच्याच दौतीतून पेन भरून आणलं, हे पान त्याच शाईत लिहितोय. पण ही वाळली की काळपट होते. अर्जावरची पोपटी होती. मग कुणाची?

एवढं लिहिलं तोच सौ. कंदील घेऊन आली. पान बघून म्हणाली, "ही काळी पडते व्हय? माझी नव्हती पडली."

ती खाली बसली.

"उस्मानाबादला आई एकटी हाय. तीन वर्षं झाली सांगतेय, अर्ज करा. तुम्ही नुसतं बघू म्हणता."

"आणि हिरवी शाई?"

"हिरवं साहेबलोक आधी वाचतात म्हणे."

रागवावं असं वाटलं नाही. सासूबाई खरंच थकल्यात. अर्ज पुढं पाठवा, असं उद्या मुख्याध्यापकांना सांगेन. पण इतकी हुबेहूब सही हिनं आणखी कुठंकुठं केली असेल?