पंखवाल्याची वेसण

बाबा, माझा ड्रॅगन अडकला आहे. हसू नका. पन्नाशीला टेकलेली बाई, शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी दुपारी वर्ध्याच्या घरात कूलरसमोर बसून राण्यांच्या आणि ड्रॅगनांच्या प्रेमाची कादंबरी लिहिते, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही रंधा बाजूला ठेवून एवढंच विचारलं असतं, "आन थे वाचते कोन?" वाचतात, बाबा. मोबाईलवर एकेक भाग टाकते. पोरी कॉलेजला जाताना एसटीत वाचतात, बाया भाजी शिजेपर्यंत वाचतात, आणि एखादा भाग उशिरा आला की सासूसारखं बोलतात. आता फक्त शेवटचा भाग राहिलाय आणि तो काही केल्या लिहून होत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. काळ्या दगडाचं एक राज्य आहे. जो गादीवर बसेल त्याने ड्रॅगनच्या नाकात लोखंडी कडं घालायचं, अशी तिथली रीत. कडं आहे तोवर ड्रॅगन राज्य राखणार. माझी राणी बापामागे गादीवर येते, मन घट्ट करून कडं घालते आणि मग तिला कळतं की हा ड्रॅगन अंधार पडला की माणूस होतो. कडं तसंच नाकात, कडेला सुकलेलं रक्त. ती त्याच्या प्रेमात पडते. पडणारच, मीच पाडलं. आता कडं ठेवलं तर तो जन्मभर तिच्याजवळ, पण कैदी. काढलं तर तो राहील की जाईल हे कोणालाच माहीत नाही, अगदी त्यालासुद्धा. वाचकांना लग्न हवंय. "ताई, दोघांची ताटातूट केलीत तर बघा," अशी रोज धमकी येते. ते नाकातलं कडं मला कुठून सुचलं, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही.

आर्वीचं आपलं दुकान आठवतं. पोळा जवळ आला की दारं-खिडक्या मागे पडायच्या आणि तुम्ही तान्ह्या पोळ्याचे बैल करायला घ्यायचात. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा. सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून लहानमोठे बैल निघायचे, खाली चाकं, पाठीवर रंगाची झूल. सगळ्यात शेवटी गिरमिट घेऊन तुम्ही नाकात आरपार भोक पाडायचात, वेसणीसाठी. भोक पडलं की बैल झाला, असं तुम्ही म्हणायचात. त्या वर्षी मी हट्ट धरला. कोणाच्या तरी घरी कव्हर फाटलेल्या पुस्तकात मी ड्रॅगन पाहिला होता, आणि मला बैल नको होता, तोच हवा होता. आई म्हणाली, "पोरीले येड लागलं." तुम्ही कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरलीत. "काढून दाखव बरं, कसा रायते थो."

मी फरशीवर काढला. पंख, शेपूट, दात. तुम्ही उकिडवे बसून बराच वेळ पाहत होतात.

"आन वेसण?"

"याले वेसण नाई राहत, बाबा."

"मंग थो आपल्यापाशी काऊन राहीन?"

"त्याले वाटलं तं राहीन."

तुम्ही पेन्सिल परत घेऊन कानावर खोचलीत. पोळ्याच्या दिवशी सकाळी ड्रॅगन तयार. खरं सांगायचं तर तो बैलच होता. हयातभर बैल केलेल्या हाताला दुसरं काय येणार? वशिंड होतं, डोळे गरीब होते, आणि पाठीला सुपासारखे दोन पंख. मी जगातला सगळ्यात भयंकर प्राणी मागितला होता आणि तुम्ही मला पंख असलेला एक भला बैल दिलात. मला तो इतका आवडला की मी रात्री उशाशी घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी पोरं आपापले बैल ओढत निघालेली. माझ्या पंखवाल्याला ओढायचं कुठून? नाकात भोक नाही. मी आईच्या जुन्या पातळाची चिंधी वळली आणि त्याच्या मानेला बांधली. तुम्ही दुकानातून पाहिलंत आणि तिथूनच ओरडलात, "नाकात वेसण नोको म्हणत होती, आन आता मानेले दोर बांधून राह्यली? सोड थो पह्यले!" तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मी रडत गाठ सोडली आणि त्याला कडेवर घेऊन निघाले. तोरणाखाली सजलेल्या बैलांना बक्षीस देणारे काका म्हणाले, "हा कोनता बैल हाये व?" मी वळून पाहिलं. तुम्ही मागे येऊन उभे होतात, भुवयांवर भुसा. "बैलच हाये," तुम्ही म्हणालात, "थोडा उडते." सगळे हसले. बक्षीस मिळालं नाही, पण घरोघरी बायांनी बोजारा म्हणून हातावर नाणी ठेवली आणि पंखवाल्याच्याही कपाळाला कुंकू लावलं. घरी येईस्तोवर माझे हात भरून आले होते.

आता त्या दवाखान्याबद्दल. तुम्हाला लकवा मारला, गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. तुम्ही ती चांगल्या हाताने ओढून काढायचात, म्हणून तो हात बँडेजने पलंगाला बांधला. दवाखान्यातले लोक बिचारे त्यांचं काम करत होते. मी तो हात बघत बसायचे. गिरमिट फिरवणारा हात. तुमची जीभ जड झाली होती, तरी मला स्पष्ट ऐकू आलं: "सोड व माय." दादा पुण्याहून आला होता, तो दाराशी उभा राहून रडत होता. "नळी काढली तं बाबा उपाशी जातीन व." तो चूक बोलत नव्हता. पण मी सोडवलं. नळी काढायला लावली, हाताची गाठ माझ्या हाताने सोडली आणि तुम्हाला आर्वीला घरी आणलं.

बाबा, एक गोष्ट मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं होतं, तुम्ही राहाल. घरी आल्यावर, दुकानातल्या लाकडाचा वास आल्यावर, आई समोर बसल्यावर तुम्हाला वाटेल, राहावं. आई चमच्याने वरणाचं पाणी ओठांना लावायची, निम्मं बाहेर यायचं. तुम्ही छताकडे पाहत राहायचात, शांत. आणि एका सकाळी, आई चहा ठेवायला उठली तेवढ्यात गेलात. दादा अजूनही श्राद्धाला आला की पान वाढताना म्हणतो, थोडे दिवस तरी मिळाले असते. मी पोळ्या लाटत राहते. मला त्याचा राग येत नाही. राग तुमचा येतो. मी सोडलं आणि तुम्ही राहिला नाहीत.

आज शेवटचा भाग लिहायचा म्हणून पंखवाल्याला कपाटावरून खाली काढलं. म्हटलं, कडं काढल्यावर नाक कसं दिसेल ते नीट बघून लिहावं. ओल्या फडक्याने पुसलं तर जुना रंग पोपडा होऊन निघाला, आणि नाकपुडीत एक गोल ठिपका दिसला, वेगळ्या रंगाचा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मला कळायला वेळ लागला. तुम्ही भोक पाडलं होतंत. सवयीने, हात थांबला नसेल. आणि मग माझं बोलणं आठवून भुसा आणि सरस कालवून ते बुजवलंत, घासलंत, वरून रंग दिलात, आणि मला कधी कळू दिलं नाहीत. एका पोरीच्या हट्टासाठी. मी तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडले. वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून विचारायला आली, तिला सांगितलं, कांदा चिरत होते.

मग भाग लिहिला. राणी कडं काढते. ड्रॅगन तिच्याकडे एकदा बघतो, पंख उघडतो आणि जातो. परत येत नाही. राणी त्याला बोलावत नाही. संध्याकाळी टाकला, आता बाया मला फाडून खातील. खाऊ देत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? इथेच वहीखाली राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. पंखवाला टेबलावर ठेवलाय, खिडकीकडे तोंड करून, आणि त्याच्या मानेला मी ओढणीची चिंधी बांधली आहे, टेबलाच्या पायाला गाठ मारून. ते बघून तुम्ही दुकानातून ओरडावं म्हणून, बाबा.